जुनं तेल

सिग्नल सुटला, गाडी हलली, आणि दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना तिने असा हिसका दिला की शेजारी बसलेल्या नवऱ्याची मान पुढे गेली आणि मागे उशीवर आपटली. बाईंना वाटलं, मागून कुणीतरी ठोकलं. त्यांनी आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं. एक बस होती ती बरीच लांब, आणि तिचा ड्रायव्हर जांभई देत होता. म्हणजे हे बाहेरून आलेलं नव्हतं. आतून आलं होतं, पायांखालून. तिथे काय असतं ते त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"परवा!" नवरा ओरडला.

"हो, कळलं मला. मान दुखावली का?"

"परवा, परवा." या वेळी आवाज खाली, दातांत धरलेला, आणि डाव्या हाताचं बोट गाडीच्या तळाकडे.

गेल्या हिवाळ्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, आणि मेंदूत जिथे शब्द राहतात नेमका तिथेच घाव बसला. आयुष्यभर जमवलेल्या सगळ्या शब्दांतून हा एक तेवढा वाचला. हाच का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पाणी हवं तरी परवा, पंखा बंद कर तरी परवा, शिवी हासडायची तरी परवा. परवा म्हणजे होऊन गेलेला दिवस की यायचा आहे तो, हे भाषेलाच कधी धड ठरवता आलेलं नाही, तिथे बाई काय ठरवणार. पण भेटायला येणाऱ्यांना त्या सांगायच्या, "मला यांचं सगळं कळतं हो, सुरावरून कळतं." ते अर्धं खरं होतं. अर्ध्याहून कमीच असेल. उरलेलं त्या आपल्या मनाने भरून घेत, जसं खराब लाइनवरच्या फोनवर माणूस समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करतो आणि "हो, हो" म्हणतो.

पुढे उड्डाणपुलाचा चढ होता. त्यांनी पाय दाबला. इंजिनाचा आवाज चढला, काटा चढला, गाडी मात्र चढेना. वरचं आणि खालचं जोडणारी दोरी मध्येच सुटल्यासारखं झालं. एक क्षण. मग खाली कशाने तरी कशाला तरी पकडलं, पुन्हा एक हिसका, आणि गाडी वर निघाली. पण त्या एका क्षणात आरशात एका ट्रकचं तोंड एवढं मोठं झालं की त्याच्या जाळीत अडकलेला पालापाचोळासुद्धा बाईंना दिसला. त्या क्षणात त्यांनी हेही बघून घेतलं की इथे गाडी बंद पडली तर आपण दार उघडून कठड्याशी जाऊन उभ्या राहू शकतो आणि हा नाही. त्याच्या पट्ट्याचं कुलूप त्याच्या उजव्या बाजूला होतं, मेलेल्या हाताकडे. आधी तो पट्टा सोडवायचा, मग दाराबाहेर पाय काढायचे, मग चार पायांची काठी टेकायची. तोपर्यंत. तोपर्यंतच्या पुढचं वाक्य त्यांनी मनातसुद्धा पुरं केलं नाही.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंचं केंद्र या पुलापलीकडे होतं. आठवड्यातून दोनदा जायचं, दोनदा यायचं. टॅक्सी करून बघितली होती. टॅक्सीचं दार उघडलं की तो दोन्ही पाय रस्त्यात रोवायचा आणि हलायचाच नाही, "परवा" एवढंच म्हणायचा, अगदी शांतपणे, सरकारी माणसाने नियम सांगावा तसं. लिफ्टचा तपासनीस होता तो. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या लिफ्टमध्ये त्याच्या सहीचा कागद काचेखाली लावलेला असे. जे यंत्र स्वतः तपासलेलं नाही त्यात त्याने कधी पाय ठेवला नाही, आणि ही गाडी सोडली तर आता जगात तसं एकही यंत्र उरलं नव्हतं.

गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन जायचं बाईंनी त्याच संध्याकाळी ठरवलं. तिथे गळ्यात टाय बांधलेला एक तरुण माणूस होता. त्याने बॉनेट उघडून गिअरबॉक्सची तेलाची पट्टी बाहेर ओढली आणि पांढऱ्या कागदावर पुसली. कागदावर काळपट तपकिरी डाग पसरला.

"हे नवं असतं तेव्हा लालभडक असतं मॅडम. वास घ्या."

त्यांनी वास घेतला. इस्त्री कापडावर विसरली की येतो तसा.

"शेवटचं कधी बदललंय?"

"बदललं नसावं. आमचे हे म्हणायचे, गिअरबॉक्सच्या तेलाला हात लावायचा नसतो. ते आयुष्यभराचं असतं."

"कुणाच्या आयुष्यभराचं?" तो हसला. रोज कुणा ना कुणाला हाच विनोद ऐकवत असणार. मग त्याचं लक्ष गाडीत बसलेल्या माणसाकडे गेलं आणि त्याने हसू गिळलं. "आम्ही मशीन लावतो. दाबाने एकीकडून नवं तेल आत जातं, दुसरीकडून जुनं बाहेर. सगळं बदलतं. थोडंसुद्धा जुनं राहत नाही."

"मग हिसके जातील?"

"जायला पाहिजेत."

"पाहिजेत म्हणजे?"

त्याने पेनाचं टोक दोनदा टकटक केलं. "गाडी जुनी आहे ना मॅडम. कधीकधी सगळं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो. म्हणजे आमच्यामुळे नाही, तो बसणारच असतो. म्हणून आम्ही आधी सांगून ठेवतो, की नंतर आमची जबाबदारी नाही."

"चांगलं तेल घालून कसा काय बसेल?"

"परवा!" गाडीतून आवाज आला. खिडकीची काच खाली होती.

"परवा? चालेल ना सर!" टायवाला उत्साहाने खिडकीशी वाकला. "परवा सकाळी पहिलीच वेळ देतो. लिहून घेऊ?"

बाईंनी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण किती महिन्यांनी कुणीतरी त्याच्या शब्दाला शब्द समजून उत्तर दिलं होतं. नवरा त्या पोराच्या तोंडाकडे टक लावून बघत होता, आणि त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की संताप, ते बाईंना, सुरावरून सगळं कळणाऱ्या बाईंना, कळलं नाही. "मी फोन करते," त्या म्हणाल्या, आणि गाडीत बसून त्यांनी चावी फिरवली.

चावी. ती त्यांना हॉस्पिटलात मिळाली होती. नर्सने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचं घड्याळ, कमरेचा पट्टा, चष्मा आणि ही चावी घालून त्यांच्या हातात दिली होती, आणि बाकीच्या वस्तू पिशवीतच ठेवून त्यांनी चावी तेवढी काढून पर्समध्ये टाकली होती. का, ते तेव्हा कळलं नाही. ही गाडी घेतली तेव्हा तो सगळ्यांना सांगायचा, हिच्यासाठी घेतली, हिला क्लच जमत नाही म्हणून ऑटोमॅटिक. त्याआधीच्या गाडीवर त्यांना शिकवायला घेतलं होतं त्याने. एका चढावर गाडी बंद पडली, मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला, त्यांचे पाय एकमेकांत गुंतले, आणि त्याने एक शब्दही न बोलता हँडब्रेक ओढला, खाली उतरला, वळसा घालून त्यांच्या दाराशी आला आणि दार उघडून उभा राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्या मुकाट्याने पलीकडे सरकल्या. मग क्लच नसलेली गाडी आली, पण तिची चावी त्याच्याच खिशात राहिली, आणि लायसन्स काढूनही त्या वर्षानुवर्षं डाव्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसत आल्या. आता त्या उजवीकडे बसत होत्या आणि तो डावीकडे. आणि खरं सांगायचं, म्हणजे त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांना गाडी चालवायला आवडत होतं. पहाटे दूध आणायच्या निमित्ताने त्या एकट्या निघायच्या आणि दोन चौक जास्तच जाऊन यायच्या. परतताना जिन्यात छातीत काहीतरी टोचायचं. त्याच्या अंगातून जे गेलं होतं त्यातलं थोडंसं आपण उचललंय, असं काहीसं. आणि आता तीच गाडी हिसके देत होती, जणू तोच तिच्या आत बसून हँडब्रेक ओढत होता.

संध्याकाळी मुलीचा फोन आला, तो बाईंनी स्पीकरवर टाकला. ती दुसऱ्या शहरात होती, दोन मुलांची आई होती, आणि बोलताना तिच्यामागे नेहमी नळ वाहत असायचा.

"आई, मी वाचलं त्याबद्दल. अर्धे लोक म्हणतात ताबडतोब बदला, अर्धे म्हणतात चुकूनही बदलू नका. कशाला डोक्याला ताप करून घेतेस? काढून टाक गाडी."

"आणि बाबांना न्यायचं कसं?"

नळ बंद झाला. बाईंना पुढचं माहीत होतं. "आई, मी तुला ते ठिकाण सांगितलं होतं ना. तिथेच राहायची सोय आहे, तिथेच सगळे व्यायाम, बोलायचं शिकवणं. तू रोज भेटायला जाशील. मी तुझ्यावर ढकलत नाहीये, पण गाडी आहे तोवर तू म्हणतेस जमतंय. गाडी नसली तर?"

"बाबांना विचारून बघते."

"कशाबद्दल?"

"तेलाबद्दल."

"आई," मुलगी फार हळू म्हणाली, "त्यांना काय विचारणार आहेस तू?"

बाईंनी मान वर केली. तो दारात उभा होता, काठीवर भार टाकून. कधीपासून, कोण जाणे. "सगळं कळतं त्यांना," त्या फोनमध्ये मोठ्याने म्हणाल्या, आणि मोठ्याने म्हटल्यामुळेच ते खोटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या. चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत त्या डोळे तपासत. माणूस खुर्चीत बसायचा, त्या त्याच्या नाकावर ती जड चौकट चढवायच्या, एक काच घालायच्या, काढायच्या, दुसरी घालायच्या. "हे बरं की हे? पहिलं की दुसरं?" दिवसभर हाच प्रश्न. भलेभले लोक त्या खुर्चीत घामाघूम व्हायचे. बाहेर हजारोंचे व्यवहार करणारा माणूस इथे दोन काचांमध्ये अडकून बसायचा. त्या दिवशी एक म्हातारी आली होती. चारदा विचारूनही तिला ठरवता येईना. शेवटी ती म्हणाली, "तुम्हीच सांगा ना, माझं चुकलं तर?" बाई नेहमीसारखं म्हणाल्या, "यात चुकत काही नसतं आजी. बरं दिसतं ते सांगायचं." आणि म्हणता म्हणता त्यांना जाणवलं की आजवर शेकडो लोकांना आपण हे सांगत आलो ते स्वतः कधीच चौकटीआड न बसता. संसारात काय बरं दिसतं ते तोच सांगायचा. घराचा रंग, मुलीची शाळा, दिवाणाची जागा. त्या चडफडायच्या, कधी आठ आठ दिवस अबोला धरायच्या, पण आत कुठेतरी एक सुखही होतं त्यात. चुकलं तर त्याचं. अंधाऱ्या खोलीत म्हातारीसमोर उभं असताना त्यांना हे सुख पहिल्यांदा उघडं दिसलं आणि त्यांना त्याची शिसारी आली. म्हातारी अजून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी काच बदलली.

कामावरून आल्यावर त्या नवऱ्याला घेऊन ओळखीच्या मिस्त्रीकडे गेल्या. त्याचं गॅरेज वसाहतीच्या टोकाला होतं. गाड्या वर उचलायची त्याच्याकडची लिफ्ट पूर्वी नवराच तपासून द्यायचा, तेव्हापासूनची ओळख. गाडी आत घेतल्यावर मिस्त्री हात पुसत नवऱ्याच्या दाराशी आला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा एकेक शब्द सुटा करून ओरडला, "काय साहेब! बरं! आहे ना!" नवऱ्याने तोंड फिरवलं. बाईंना मिस्त्रीचा राग आला, आणि आपणही घरात हल्ली असंच गोड, असंच सावकाश बोलतो, हे आठवून स्वतःचा जास्त आला.

मिस्त्रीने गाडी एक चक्कर फिरवून आणली, पट्टी काढली, तेल दोन बोटांत चोळून बघितलं.

"मशीन लावू नका वहिनी. आतल्या प्लेटा झिजल्यात. झिजून पडलेला चुरा ह्या तेलातच आहे, आणि त्या चुऱ्याच्या आधारानेच त्या एकमेकींना धरून आहेत. सगळं स्वच्छ तेल घातलं, धुऊन निघालं, की धरायला काही उरायचं नाही."

"म्हणजे असंच ठेवायचं?"

"असंच ठेवलं तर हे तेल जळलेलं. ह्याच्यात काही दम नाही. चढावर सुटायला लागलीच आहे, एक दिवस सुटेल ती सुटेलच."

"मग?"

"मग मधला एक रस्ता आहे. खालचा बोल्ट काढायचा, आपसूक पडेल तेवढं तेल पडू द्यायचं. निम्म्याहून कमीच पडतं, बाकीचं आतल्या भांड्यात आणि नळ्यांत राहतं. पडलं तेवढं नवं भरायचं. महिनाभर चालवायची, परत तेवढं काढायचं, परत भरायचं. असं होत होत जुनं पातळ होत जातं. गिअरबॉक्सला एकदम झटका बसत नाही."

झटका हा शब्द तोंडातून गेल्यावर मिस्त्री ओशाळला. बाईंनी तसं दाखवलं नाही.

"त्याने वाचेल नक्की?"

मिस्त्रीने हातातलं फडकं उलटसुलट केलं. "नक्की मला नाही सांगता येणार. असं करून वाचलेल्या बघितल्यात, गेलेल्याही बघितल्यात. सगळं एकदम बदलून मस्त चाललेली पण एक बघितलीय. खरं सांगू का, मला माहीत नाही. तुम्ही सांगाल ते करतो."

गॅरेजमध्ये कुठेतरी हवेचा पंप सुरू झाला आणि बंद झाला. बाईंना एकदम वाटलं की छप्पर खाली आलंय. सगळे सांगाल ते करायला तयार होते. टायवाला तयार होता, मुलगी तयार होती. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, त्यांना हो की नाही विचारू नका, त्यांचं हो आणि नाही एकमेकांत मिसळतं. वस्तू समोर ठेवा, बोट दाखवू द्या. बाईंनी मिस्त्रीकडे चहाचे तीन प्लॅस्टिकचे पेले मागितले. एकात त्याने पिचकारीने ओढून गाडीतलं काळं तेल घातलं. एकात डब्यातलं नवं, लाल. तिसऱ्यात दोन्ही थोडं थोडं. त्याचा रंग वाळलेल्या रक्तासारखा झाला. बाई पेले घेऊन नवऱ्याच्या दाराशी गेल्या, खाली वाकल्या, आणि त्यांना नकळत त्यांचा आवाज दुकानातला झाला.

"अहो, इकडे बघा. असंच ठेवायचं, सगळं बदलायचं, की थोडं थोडं? दोन-दोन दाखवते. हे की हे?"

काळा आणि लाल. त्याने लालवर बोट ठेवलं.

"आता हे की हे?"

लाल आणि मिसळलेला. तो थांबलासुद्धा नाही. लाल.

बाईंनी पेल्यांची जागा बदलली, पुन्हा विचारलं. लाल. बोट थरथरत नव्हतं, डोळे थेट त्यांच्या डोळ्यांत होते. म्हणजे सगळं बदलायचं. ज्याने आयुष्यभर सांगितलं की हात लावायचा नसतो, त्याला आता सगळंच हवं होतं, जे व्हायचं ते होऊ दे. तो नुसता छान रंगाकडे बोट दाखवत नव्हता. अर्ध्यामुर्ध्यावर भागवणं म्हणजे काय ते या सगळ्यांत त्याच्याएवढं कुणाला माहीत होतं? त्याने बघितलं होतं ते, रोज सकाळी, शर्टाच्या एका बाहीत हात घालून दुसरीची वाट बघताना. आणि त्याला ते नको होतं. बसला गिअरबॉक्स तर बसला. मग ती राहायची सोय असलेली जागा. तेही त्याला माहीत होतं, दारात उभं राहून त्याने ऐकलं होतं. चालेल, असं म्हणत होता तो. की नव्हता? की हे सगळं त्याच भरत होत्या, नेहमीसारखं?

"नाही," बाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "मिस्त्री, थोडं थोडंच करा. आज पडेल तेवढंच काढा."

"परवा!" नवऱ्याचा डावा हात एवढ्या जोरात आला की लाल पेला उडाला आणि तेल बाईंच्या बाहीवर, मानेवर, सीटवर सांडलं. "परवा! परवा, परवा!" तो त्यांच्या पर्सकडे झेपावत होता, चावीकडे, पट्टा त्याला मागे खेचत होता, मान लाल झाली होती, तोंडाच्या पडलेल्या कोपऱ्यातून लाळ येत होती.

"वहिनी, साहेबांचं ऐका," मिस्त्री घाबरून म्हणाला. "त्यांना मशीनमधलं कळतं."

"परवा!"

"गप्प बस!" बाई ओरडल्या. "एकदम गप्प बस तू!"

पंप बंद होता. पलीकडे कुणीतरी पाना खाली ठेवला, तोही ऐकू आला. तू. सगळ्या संसारात त्यांनी त्याला तू म्हटलं नव्हतं. भांडताना नाही, मुलीच्या वेळी कळा येत होत्या तेव्हा नाही, रागाने माहेरी निघून गेल्या होत्या तेव्हाही चिठ्ठीत "तुम्ही" असंच होतं. नवऱ्याचा हात हवेत तसाच राहिला. तो त्यांच्याकडे बघत होता, तोंड उघडं, अर्धा चेहरा चकित आणि अर्धा नेहमीसारखा. आता हा रडेल, बाईंना वाटलं. आता त्याला दुसरा झटका येईल आणि तो आपल्या एका शब्दाने आलेला असेल.

मग नवऱ्याने हात खाली घेतला, खोल श्वास घेतला आणि बोलायला लागला. "परवा परवा परवा, परवा. परवा? परवा परवा!" त्यात स्वल्पविराम होते, प्रश्न होते, मध्येच एक तुच्छ हुंकार होता, शेवटी आवाज मुद्दाम खाली आणून टाकलेलं एक वाक्य होतं, आणि ते ऐकताना बाईंना कुठलाही अर्थ मनाने भरावा लागला नाही. हे भांडण होतं. कित्येक महिन्यांत त्यांच्याशी कुणी भांडलं नव्हतं. आजारी माणूस घरात आला तेव्हापासून नवरा कुठेतरी गेला होता, आणि तो आता इथे, तेलाच्या वासात, समोर बसून त्यांची उलटतपासणी घेत होता.

"हो, मला मशीनमधलं कळत नाही!" त्या म्हणाल्या. मानेवरून तेल आत झिरपत होतं. "पण चढावर पाय माझा असतो. मागचा ट्रक मला दिसतो, तुला दिसत नाही! मला ती एका झटक्यात सुधारायला नकोय. मला ती उद्या चालायला हवीय. आणि परत पुढच्या आठवड्यात. तुला हवं ते तू मागितलंस, मी ऐकलं, आणि मी नाही म्हणतेय. कळलं? मी नाही म्हणतेय!"

"परवा," तो म्हणाला. म्हणजे, कर काय करायचं ते. आणि त्याने मान खिडकीकडे वळवली.

मिस्त्रीने मुकाट्याने त्याला धरून बाहेरच्या बाकावर आणून बसवलं. या वेळी तो ओरडून बोलला नाही. गाडी वर चढली. बोल्ट सुटल्यावर काळं तेल आधी सरळ धारेत पडलं, मग बारीक झालं, मग थेंबाथेंबाने. मिस्त्रीने खालचं तबक सोडवून आणलं. त्यातल्या लोहचुंबकावर राखाडी गाळ बसला होता, काजळीसारखा मऊ. त्याने तो बोटाने पसरून उजेडात धरला. "तुकडे नाहीत," तो म्हणाला. "चुराच आहे. हे बरं आहे." जाळी नवी घातली, तबक लावलं, डब्यातलं लाल तेल नळीने सावकाश ओतलं. इंजिन सुरू करून प्रत्येक गिअर एकदा घालून काढून, तेल तापल्यावर पुन्हा पट्टी बघितली. पट्टीवरचा रंग ना लाल ना काळा. बाईंनी तो बराच वेळ बघितला. चुकलं तर आपलं. हे वाक्य त्यांनी मनात उच्चारून बघितलं आणि ते जितकं जड वाटायला हवं होतं तितकं वाटलंच.

पुढे तेल आणखी तीनदा काढलं, भरलं. गाडी चालत राहिली. थंडीत सकाळी पहिल्या वळणावर अजूनही थोडी अडखळायची, पण चढावर पुन्हा कधी सुटली नाही, आणि केंद्रातली त्याची एकही वेळ चुकली नाही. पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी बाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून मुद्दाम त्या पुलाकडे निघाल्या, आणि चढ सुरू झाला. इंजिनाचा आवाज किंचित चढला. मागे एक टेम्पो होता. मग खाली पकड बसली, दचका जाणवला, पण आधीच्यापेक्षा मऊ, कुणी खांदा पकडून हलवण्याऐवजी नुसतं बोट लावावं तसा. कमी झाला होता. गेला नव्हता. शेजारी नवऱ्याने डावं बोट उचललं, बघ, म्हणालो होतो ना, अशा अर्थाने, आणि त्यांच्याकडे न बघताच खाली ठेवलं. "कळलं," त्या म्हणाल्या. "अजून महिन्याने काढायचंय." घर येईपर्यंत दोघंही बोलले नाहीत. हा अबोला बाईंच्या चांगला ओळखीचा होता. यात कधी आठ दिवस जायचे.

इमारतीखाली गाडी लावून त्या उतरल्या, वळसा घालून त्याच्या दाराशी आल्या, दार उघडलं आणि रोजच्यासारख्या त्याच्या अंगावरून वाकून पट्ट्याच्या कुलपाकडे हात नेला. त्याने तो हात बाजूला सारला. मग त्याने स्वतःचा डावा हात पोटावरून पलीकडे नेला. कुलूप सीटच्या फटीत होतं. बोटं तिथवर पोचली, घसरली. त्याने कंबर थोडी वर उचलली, कुशीवर झुकला, पुन्हा हात नेला. उजवा हात मध्ये आडवा येत होता. त्याने तो डाव्याने उचलून मांडीवर ठेवला, तो घसरून पुन्हा तिथेच आला. मागे शेजाऱ्यांची गाडी येऊन थांबली. एक छोटा हॉर्न वाजला. बाईंची कंबर वाकायच्या बेतात होती, बोटं पुढे गेलीच होती. त्यांनी ती मागे घेतली. आता काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडात वाक्य तयार होईना, कारण वाक्याच्या शेवटी काढा म्हणायचं की काढ, ते ठरवल्याशिवाय ते बाहेर पडणार नव्हतं. राग केव्हाच उतरला होता. मानेवर तेल वाळून कातडी ओढली जात होती. दुसरा हॉर्न वाजला, आधीपेक्षा लांब.

"काढ," बाई म्हणाल्या. "सावकाश काढ. मी आहे उभी."

तो एक क्षण थबकला. मग खाली मान घालून पुन्हा कुलूप शोधू लागला. बाईंनी शेजाऱ्यांना हाताने थांबायची खूण केली आणि दार धरून त्या उभ्या राहिल्या.